गॅलरीतला भुंगा मारायचा का?

प्रश्न : कोथरूडला आमच्या गॅलरीत झोपाळ्याच्या वरच्या लाकडाला एक मोठ्ठा काळाकुट्ट भुंगा भोक पाडतोय, खाली रोज भुसा पडतो. मुलगी म्हणते हा बंबलबी आहे, सासूबाईंना चावायची भीती आणि सोसायटीवाले म्हणतात पेस्ट कंट्रोल करून टाका. दिवसभर ती भुणभुण ऐकून माझ्याच डोक्यात भुंगा शिरलाय. काय करू?

उत्तर : मारू नका ताई, प्लीज. आधी मुलीला सांगा, बंबलबी पुण्यात नसते, ती थंडीतली माशी, आपल्या देशात बघायची तर हिमालयात जावं लागतं, तिच्या अंगभर दाट केस असतात आणि घर बहुतेक वेळा जमिनीतल्या एखाद्या पोकळीत. तुमच्याकडे आहे ती कार्पेंटर बी, आपला सुतार भुंगा. पोट तुळतुळीत काळं आणि पंखांवर उन्हात निळी-जांभळी झाक दिसली की समजायचं तोच.

पोखरते ती मादी. लाकूड ती खात नाही हं, भुसा बाहेर टाकते, आत परागाचा गोळा ठेवून त्यावर अंडं घालते, मग भुशाचीच भिंत आणि पुढचा कप्पा. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहाला हाच दृष्टांत आहे, कसलंही कोरडं लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. १२९० सालचा ग्रंथ, आणि लाकडाचं निरीक्षण एकदम करेक्ट!

सासूबाईंना सांगा, नराला नांगीच नसते. मादीला असते, पण हातात धरलं, दाबलं तरच ती डंख मारते, एरवी आपल्या वाटेला जात नाही.

आणि तो मरू नये असं मला मनापासून का वाटतं, तर वांग्यामुळे. वांग्याच्या फुलातला पराग उघड्यावर नसतो, पिवळ्या नळ्यांमध्ये बंद असतो आणि टोकाला फक्त बारीक छिद्र. सुतार भुंगा फुलाला कवटाळतो, उडायचे स्नायू जोरात थरथरवतो (तेव्हा आवाजही वेगळा येतो, लक्ष देऊन ऐका) आणि पराग भसकन बाहेर. पोळ्यातल्या मधमाश्यांना हे जमतच नाही. टोमॅटोचं फूलही तसंच, तिकडे युरोपात ग्रीनहाऊसमधल्या टोमॅटोसाठी मुद्दाम बंबलबी पाळतात. आपल्या टेकड्यांवरच्या रुईच्या फुलांवरही हेच भुंगे येतात.

झोपाळ्याचं म्हणाल तर एका भोकाने लगेच काही होत नाही, पण वर्षानुवर्षं तीच भोकं वाढवत नेतात, तेव्हा वजन पेलणारं लाकूड सुताराला एकदा दाखवाच. त्यांना उघडं, कोरडं लाकूड आवडतं, त्यामुळे बाकीच्या लाकडाला ऑइलपेंट मारून घ्या आणि कोपऱ्यात सुक्या बांबूचे तुकडे बांधून ठेवा. भोक मात्र आत्ता बुजवू नका, आत पिल्लं असतील, ये-जा पूर्ण थांबली की मग लांबी भरा.