गॅरेजच्या भिंतीत एसी: वाचकांचे प्रश्न

घराशेजारच्या गॅरेजमध्ये लेथ, रंधा किंवा दुरुस्तीचं काम करणाऱ्या नाशिककर वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे. भिंत एकदा फुटली की चूक दुरुस्त करणं महाग पडतं, म्हणून ते लांबू दिलं.

प्रश्न : बंगल्याला लागून १० × १८ फुटांचं गॅरेज आहे. उंची १० फूट, वर पत्रा, भिंती ९ इंची विटांच्या, समोर शटर. आत लाकूडकाम आणि लहान लेथ चालतो. भिंत फोडून विंडो एसी बसवायचा आहे. किती टनाचा घ्यावा? भोक कुठे आणि कसं पाडावं?
(पाथर्डी फाटा)

उत्तर : दुकानात जाण्याआधी भिंतीची जाडी मोजा. ९ इंची भिंत म्हणजे विटांचे २३ सेंमी, त्यावर आतबाहेरचा गिलावा धरून साधारण २६ सेंमी. आता दुकानातल्या एसीचा डबा बाजूने पाहा. दोन्ही बाजूंना, बहुतेकदा वरच्या पत्र्यावरही, लूव्हरच्या (तिरप्या पट्ट्यांच्या) फटी असतात. कंडेन्सरचा (खोलीतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या मागच्या कॉइलचा) पंखा या फटींतून बाहेरची हवा ओढतो आणि तापलेली हवा मागून फेकतो. परदेशात भिंतीत बसवण्यासाठी वेगळे एसी मिळतात. त्यांच्या बाजू बंद असतात आणि हवेची सगळी ये-जा मागून होते. आपल्याकडचा विंडो एसी तसा नाही. त्याच्या फटी भिंतीत गाडल्या, तर यंत्राचा श्वासच बंद होतो.

म्हणून टेप घेऊन समोरच्या पॅनलपासून पहिल्या फटीपर्यंतचं अंतर मोजा. ते ३० सेंमी असेल तर २६ सेंमीच्या भिंतीत एसी नीट बसतो, आणि तोंड आत ३-४ सेंमी पुढे राहतं. अंतर २४ सेंमी निघालं तर ते मॉडेल तुमच्या भिंतीसाठी नाही, किंमत कितीही चांगली असली तरी.

टनाचा हिशोब असा. साध्या खोलीला १२० चौरस फुटांमागे एक टन हा ढोबळ आडाखा चालतो. त्याप्रमाणे तुमच्या १८० चौरस फुटांना दीड टन पुरायला हवा. पण उघड्या पत्र्याखाली मे महिन्यात दोन टनही दमतो. आधी पत्र्याखाली उष्णता अडवणारं ५० मिमी रॉकवूल किंवा ग्लासवूल लावा आणि खालून जिप्सम किंवा सिमेंट बोर्डाचं छत करा. थर्माकोल स्वस्त असतो, पण ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे तो लावूच नका. शटरच्या पट्ट्यांमधून आणि खालून हवा गळते, तेव्हा आतून जाड पडदा सोडा आणि खाली रबरी पट्टी लावा. एवढं केलं तर दीड टन पुरेल. दीड टनाचा एसी साधारण ५.२ किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. गॅरेजमधली मोटर जेवढी वीज खाते ती शेवटी उष्णता होऊन आतच राहते, म्हणजे १ एचपीचा लेथ भरात चालला की त्यातली १ किलोवॅटच्या आसपास क्षमता त्याच्यावरच खर्च होते.

भुसा ओढणारा ब्लोअर असेल तर त्याची हवा कुठे जाते ते पाहा. तुमच्या गॅरेजमध्ये एकूण १,८०० घनफूट हवा आहे. मिनिटाला ८०० घनफूट ओढणारा ब्लोअर ती बाहेर सोडत असेल, तर सव्वादोन मिनिटांत गार केलेली सगळी हवा अंगणात जाते. हवा बारीक कापडाच्या पिशवीतून गाळून पुन्हा आतच सोडावी, किंवा ब्लोअर चालू असेपर्यंत एसीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

जागा निवडताना उत्तर किंवा पूर्वेची भिंत घ्या. नाशिकला पावसाची झड पश्चिम-नैऋत्येकडून येते आणि दुपारचं ऊनही पश्चिमेचंच. मागे किमान ५० सेंमी मोकळी जागा हवी. कुंपणाची भिंत त्याहून जवळ असेल तर तापलेली हवा तिच्यावर आपटून परत फटींत शिरते. शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर एसीची मागची बाजू येऊ देऊ नका. मधल्या भिंतीतून घरात किंवा बंद डक्टमध्ये गरम हवा सोडण्याचा विचारही नको. एसीचा तळ जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवा. गार हवा जड असते, ती वरून खाली उतरते. गॅरेजमध्ये दुचाकी उभी राहत असेल तर दुसरंही कारण आहे : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, आणि एसीचा सॉकेट व रिले (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा आतला स्विच) तिच्यापासून दूर राहायला हवेत.

आता भिंत. ती नुसती दोन कॉलममधली भरणीची आहे की वरच्या छताचा भार तिच्यावर आहे, हे आधी पाहा. भारवाही असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. भरणीच्या भिंतीतही वर लिंटेल (भोकावरच्या विटा पेलणारी काँक्रीटची आडवी तुळई) लागतंच. दीड टनाचा डबा साधारण ६६ सेंमी रुंद आणि ४३ सेंमी उंच असतो (तुमचा स्वतः मोजा). चारही बाजूंना १ सेंमी मोकळीक, डब्याभोवतीच्या लोखंडी चौकटीची जाडी आणि तिच्यामागचं मॉर्टर (सिमेंट-वाळूचा माल) धरून विटांतलं भोक ७२ × ४९ सेंमी येतं. लिंटेल दोन्हीकडे १५ सेंमी टेकलं पाहिजे, म्हणजे लांबी १०२ सेंमी. रुंदी भिंतीएवढी २३ आणि उंची १५ सेंमी. खाली १० मिमीच्या दोन सळया, वर ८ मिमीच्या दोन, ६ मिमीच्या रिंगा १५ सेंमीवर. काँक्रीट १ : १½ : ३ (सिमेंट, वाळू, खडी). त्याला सुमारे १५ किलो सिमेंट, २४ किलो वाळू आणि ४५ किलो खडी लागते. ते जमिनीवरच ओतून सात दिवस पाणी मारा. तयार लिंटेल ९० किलोच्या आसपास भरतं, म्हणून चढवायला तीन-चार माणसं बोलवा.

आधी भोक पाडून मग लिंटेल शोधणारे गवंडी पुष्कळ आहेत. तसं करू देऊ नका. वरच्या विटा सुटतात आणि तडा तिरका छतापर्यंत जातो. पहिल्यांदा फक्त लिंटेलपुरती खाच काढा. खाचेत लिंटेल सरकवून वरची फट कोरडसर १ : ३ मॉर्टरने ठासून भरा आणि तीन दिवस थांबा. मग खालच्या भोकाच्या चार कोपऱ्यांत लांब बिटाने आरपार छिद्रं पाडा, म्हणजे बाहेरची आखणी आतल्या आखणीशी तंतोतंत जुळते. दोन्ही बाजूंनी ग्राइंडरच्या डायमंड ब्लेडने रेषा कापून घ्या, आणि विटा वरून खाली एकेक काढा. घणाचे घाव घातले तर आतला गिलावा परातीएवढा सुटून येतो. कापण्याआधी भिंतीत वायरचा पाइप नाही ना, ते बोर्डाच्या सरळ वर-खाली तपासा आणि मेन स्विच बंद ठेवा.

चौकट लाकडी नको, वाळवी लागते. ४० × ४० × ५ मिमी अँगलच्या दोन चौकटी, एक आतल्या आणि एक बाहेरच्या तोंडाला, कोपऱ्यांत पट्ट्यांनी जोडून घ्या. रेडऑक्साइडचे दोन हात, मग ऑइलपेंट. यंत्राचं वजन ५०-६० किलो असतं आणि कॉम्प्रेसर बाहेरच्या भागात असल्याने भारही तिकडेच झुकतो, म्हणून बाहेरून दोन त्रिकोणी ब्रॅकेट लागतात. जुन्या विटेत फास्टनर थरथरीने सैल होतात. १० मिमीचे आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूला पट्टी द्या. ब्रॅकेट आणि डब्यामध्ये १० मिमी रबर ठेवा.

उतार बाहेरच्या बाजूला हवा, पण मोजूनमापून : डब्याच्या पुढून मागपर्यंतच्या लांबीत ५ ते १० मिमी, किंवा कंपनीच्या पुस्तिकेत असेल तेवढाच. बऱ्याच विंडो एसीत पंख्याच्या कडेची रिंग तळातलं पाणी उचलून तापलेल्या कंडेन्सरवर उडवते, त्यामुळे कंडेन्सर गार राहतो. जास्त उतार दिला तर पाणी रिंगेपर्यंत राहतच नाही. उलटा दिला तर ते वर्कबेंचवर येतं. बाहेरून छपछप आवाज आला तर तो बिघाड समजू नका. पावसाळ्यात पाणी जास्त होतं, त्यासाठी मागच्या ड्रेनला पाइप जोडून भिंतीपासून दूर न्या.

डबा आणि चौकटीतल्या १ सेंमी फटीत बंद पेशींच्या फोमची पट्टी दाबून बसवा. फवाऱ्याचा पीयू फोम तिथे मारू नका, पुढच्या सर्व्हिसिंगला यंत्र ओढून काढता येणार नाही. फोम चौकट आणि विटांच्या मध्ये चालेल, पण बाहेरून त्यावर सिलिकॉन किंवा मॉर्टर हवं, कारण उन्हात तो भुगा होतो. वरचा छज्जा डब्यापासून ३० सेंमी उंच ठेवा आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच काढून घ्या.

प्रश्न : गॅरेजमध्ये दिव्याचा आणि ग्राइंडरचा जुना पॉइंट आहे. त्यावरच एसी चालेल का?
(इंदिरानगर)

उत्तर : नाही. जुन्या पॉइंटला बहुधा १ चौमिमीची वायर असते. घरापासून २० मीटरवरचं गॅरेज धरा. एसी ८ अँपिअरवर चालताना या वायरीत सुमारे ६ व्होल्ट पडतात, ते खपून जातं. पण साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर ४० अँपिअरच्या आसपास ओढतो, तेव्हा २९ व्होल्ट जातात. संध्याकाळी लाइन आधीच २०० वर असेल तर कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो आणि तापून बंद पडतो. २.५ चौमिमी तांब्याच्या वायरीत तोच फटका १२ व्होल्टवर येतो.

मेन बोर्डापासून एसीसाठी स्वतंत्र २.५ चौमिमी लाइन, १६ अँपिअर सी-कर्व्ह एमसीबी (सुरुवातीचा क्षणिक झटका सोसणारा), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), १६ अँपिअरचा सॉकेट आणि खरं अर्थिंग, एवढं वायरमनकडून करून घ्या. अंतर २५ मीटरच्या पुढे असेल तर ४ चौमिमी वायर. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार पाहा. एसीने दीड ते दोन किलोवॅट वाढतात, गरज असेल तर वाढीचा अर्ज करा. वेल्डिंग मशीन या लाइनवर कधीही लावू नका. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर दीड टनाला ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्या. त्यात वीज परत आल्यावर तीन मिनिटं थांबण्याची सोय असावी.

प्रश्न : मागच्या वर्षी भिंतीत एसी बसवला. सकाळी छान गार होतं, दुपारी एकनंतर दहा मिनिटांत ‘टक’ आवाज होऊन कॉम्प्रेसर थांबतो. गॅस दोनदा भरून झाला.
(अंबड)

उत्तर : तिसऱ्यांदा भरू नका. गॅस कमी असता तर सकाळीही थंडावा कमीच असता. ऊन चढल्यावरच यंत्र थांबतं, म्हणजे कंडेन्सरची उष्णता बाहेर जात नाही आणि ओव्हरलोड (कॉम्प्रेसर जास्त तापला की तो बंद करणारा स्विच) तुटतो. बाहेर जाऊन बाजूच्या फटी पाहा. बाहेरून नंतर दगडी टाइल लावली असेल, तर भिंत ३-४ सेंमी जाड झाली आणि फटी आत गेल्या. मागे फळ्या रचून ठेवल्या असतील तर आधी त्या हलवा. फटी थोड्याच झाकल्या गेल्या असतील तर भोकाच्या दोन्ही बाजू बाहेरून ४५ अंशांत तासून कोन उघडा करा आणि गिलावा द्या. लिंटेलचा टेकू मात्र कापला जाता कामा नये. नंतर कॉइल मागून पाण्याने धुऊन घ्या, पाणी मोटर आणि वायरिंगवर जाऊ न देता.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर कारागिरीची खोली आहे. दगडमातीची भिंत दीड फूट जाड आहे. तिच्यात विंडो एसी बसेल का?
(पंचवटी)

उत्तर : दीड फुटात विंडो एसी बसत नाही, आणि मातीच्या जोडणीतला एक दगड काढला की शेजारचे दोन हलतात. स्प्लिट घ्या. पाइपसाठी अडीच-तीन इंची छिद्र पुरतं. ते हातोड्याने न पाडता कोअर मशीनने, दगडांमधल्या सांध्यातून, बाहेर किंचित उतरतं काढा. आतून पीव्हीसी पाइपची बाही घाला.

प्रश्न : एसीऐवजी कूलर चालणार नाही का?
(सातपूर)

उत्तर : एप्रिल-मेमध्ये नाशिकची हवा कोरडी असते, तेव्हा शटर अर्धं उघडं ठेवून कूलर उत्तम चालतो आणि वीजही फार कमी खातो. फक्त उकाड्याचा प्रश्न असेल तर तोच घ्या. पण तो हवेत ओल सोडतो. लेथचा बेड, व्हर्निअर, रंध्याची पाती गंजतात आणि सुकवलेलं लाकूड फुगतं. पहिल्या पावसानंतर तर तो निरुपयोगीच. एसी हवेतली ओल काढतो. हत्यारं मोलाची असतील तर पावसाळ्यात त्याचा उपयोग उन्हाळ्यापेक्षा जास्त होतो.

प्रश्न : भुसा, पॉलिश आणि वेल्डिंग, सगळं त्याच खोलीत चालतं. एसीला काही धोका?
(देवळाली कॅम्प)

उत्तर : एसीपेक्षा तुम्हाला जास्त. थिनर किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) पॉलिश मारताना एसी बंद, प्लग काढलेला, शटर उघडं. एसी आतलीच हवा फिरवतो, वाफ बाहेर काढत नाही, आणि त्याच्या रिलेची ठिणगी पुरेशी असते. वेल्डिंगच्या धुराचंही तेच. एसीच्या डब्याजवळ वेल्डिंग किंवा गॅस-कटिंग करू नका. आजच्या बऱ्याच एसीत आर-३२ गॅस असतो आणि तो सौम्य ज्वलनशील आहे.

भुशासाठी जाळी आठवड्याला धुवा, सँडिंग चालू असेल तर रोज झटका. जाळी तुंबली की कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आणि हवा येईनाशी होते. बर्फ दिसला तर खरवडू नका, कॉइल फाटते. कूलिंग बंद करून फक्त पंखा तासभर चालवा, मग जाळी धुवा. तोंडावर जाड कापड किंवा स्पंज बांधण्याची युक्ती काही जण करतात. त्याने भुसा अडतो, पण हवाही अडते आणि पुन्हा बर्फच होतो. सँडिंगचं टेबल एसीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात हलवा.