तिसऱ्या मशीनचं काय?

प्रिय,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पावणेदोन पानं स्वतःच्या भवितव्यावर आणि एक ओळ मशीनवर. "तिसऱ्या मशीनवर मधल्या सुट्टीनंतर बोअरची, म्हणजे तुकड्यात पाडलेल्या भोकाची, खोली कमी भरते, कारण कळत नाही." अख्ख्या पत्रात मला तेवढी ओळ कामाची वाटली. तिच्याकडे येतोच. आधी बाकीचं उरकतो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस.

"दहा वर्षांनी कुठलं स्किल टिकेल, काका?" असं विचारलंयस. हा प्रश्न मला आवडत नाही. ज्याला विचारतेस त्यालाही ठाऊक नसतं, तो फक्त चेहरा गंभीर करतो. मी कामाला लागलो तेव्हा ड्रॉइंग ऑफिसमधल्या ट्रेसरची, म्हणजे हाताने ड्रॉइंग गिरवणाऱ्याची, नोकरी सगळ्यांत पक्की समजली जायची. पांढरा शर्ट, डोक्यावर पंखा, हाताला तेल नाही. वेल्डरकडे पोरगी द्यायला लोक कां-कूं करायचे. पुढे संगणकावर ड्रॉइंग काढणारं कॅड आलं आणि ट्रेसरांची अख्खी खोली रिकामी झाली. वेल्डर अजून आहे. रोबोट वेल्डिंग करतो तिथेही रोबोटचं वेल्डिंग बघून नाक मुरडणारा वेल्डर लागतोच.

मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. जॉबजवळ उभी राहा. जॉब म्हणजे नोकरी नव्हे गं, मशीनवर बांधलेला तुकडा. आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो आणि मग घोटाळा होतो. नोकरी जाते, येते. तो तुकडा कसा होतो, कुठे बिघडतो आणि का बिघडतो, हे मात्र डोक्यातून जाता कामा नये.

तू रोबोटला घाबरतेस. तुझ्या लाइनवर दोन नवे हात बसलेत म्हणून. पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, 1961 मध्ये न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला. डाय कास्टिंगमधून, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून, निघालेले तापलेले तुकडे उचलायचं काम होतं. ते काम गेलं म्हणून कुणी फार रडलं असेल असं मला वाटत नाही. धूर, चटके आणि हातापायांचा भरवसा नाही अशी कामं मी पाहिली आहेत, त्यांचे गोडवे गाणारा मी नव्हे.

तुझ्या-माझ्या धंद्याची खरी उलथापालथ एका लोखंडी पेटीने केली. 26 एप्रिल 1956 ला माल्कम मॅक्लीनचं 'आयडियल एक्स' हे जहाज 58 कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल हातांनी चढवायला टनामागे पाच डॉलरच्या वर खर्च यायचा, तो सोळा सेंटच्या आसपास आला. त्या पेटीत ना मोटर ना सेन्सर. पण तिच्यामुळे अंतराची किंमत उरली नाही, आणि अंतर फुकट झाल्यावर एका वस्तूचे वीस भाग वीस देशांत करणं परवडू लागलं. 11 डिसेंबर 2001 ला चीन जागतिक व्यापार संघटनेत आला तोवर रस्ता तयारच होता. अमेरिकेत 2000 साली कारखान्यांत 1 कोटी 70 लाखांहून जास्त माणसं होती, 2010 च्या सुरुवातीला 1 कोटी 15 लाखांच्या आसपास उरली. किती पेटीमुळे गेली आणि किती मशीनमुळे, यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन यांनी 2013 मध्ये दाखवून दिलं की आयातीचा मार बसलेल्या गावांतली माणसं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे उठून दुसरीकडे गेली नाहीत. तिथेच राहिली, कमी पगारावर किंवा बेकार. माणूस पेटीत बसत नाही, हे त्यांनी आकड्यांत मांडलं.

आता माझं सांगतो. तुला मी टूलरूमचा, म्हणजे कारखान्याचे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या खोलीचा, माणूस म्हणून ठाऊक आहे. पुढची अकरा वर्षं मी परचेसला, म्हणजे खरेदी खात्यात, होतो हे मी फारसं सांगत नाही.

त्या काळात आम्हाला एका ट्रेनिंगमध्ये हसऱ्या तोंडासारखी एक रेघ दाखवली होती. एसर कंपनीचे स्टॅन शी यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेली. एका टोकाला डिझाइन, दुसऱ्या टोकाला ब्रँड आणि विक्री, पैसा दोन्ही टोकांना. मधे खोलगट भागात बनवण्याचं काम, तिथे पैसा नाही. आमच्या साहेबांनी तेवढंच उचललं. मधलं देऊन टाका, टोकं ठेवा. मलाही पटलं. तुलनेचा तक्ता मी केला आणि खाली सही माझी. आमची टूलरूम बंद झाली, डाय, म्हणजे तुकड्याला आकार देणारे साचे, बाहेरून यायला लागल्या, निम्म्याहून कमी किमतीत.

तिथे एक डायमेकर होता. ब्लू, म्हणजे निळा रंग, लावून दोन पृष्ठभाग कसे जुळवायचे ते मला त्यानेच शिकवलं. निळा ठिपका कुठे उमटतो ते बघ, तिथेच घास, बाकी हात लावू नकोस. त्याला तीन महिन्यांचा पगार देऊन घरी पाठवलं. दोन वर्षांनी नव्या डायमधून येणारे तुकडे कोपऱ्यात फाटायला लागले. सप्लायरने कळवलं, "तुमच्या ड्रॉइंगप्रमाणेच केलं आहे." आणि ते खरं होतं! आमच्या म्हाताऱ्या डायमेकरने दर वेळी त्या कोपऱ्याची गोलाई हाताने किंचित वाढवली होती. ते ड्रॉइंगमध्ये कधी चढलंच नाही, कारण चढवायची गरज पडली नव्हती. मी लाज गुंडाळून त्याला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "डाय समोर आणा, मग सांगतो."

डाय चार हजार किलोमीटरवर होती.

माझं चुकलं असं मी सरसकट म्हणणार नाही. आकडे बरोबर होते. मी सही केली नसती तर शेजारच्या टेबलावरच्याने केली असती, आणि किंमत उतरली नसती तर कदाचित कंपनीच राहिली नसती. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता पाठ झालंय. पण तक्त्यात त्या गोलाईचा रकाना नव्हता. तो मी घालायला हवा होता, कारण त्या खोलीत ती गोलाई डोळ्यांनी पाहिलेला मी एकटाच होतो. बाकीचे अडाणी होते म्हणून सुटले.

आणि ती हसरी रेघ ज्या बेटावरून आली, त्याच तैवानमध्ये 1987 साली मॉरिस चँग यांनी टीएसएमसी काढली. स्वतःचं डिझाइन नाही, दुकानात मिळणारा ब्रँड नाही. फक्त दुसऱ्यांच्या चिप बनवून द्यायच्या, म्हणजे बरोबर मधलाच खोलगट भाग. 2021 मध्ये जगभरचे मोटार कारखाने चिपसाठी अडून बसले तेव्हा सगळी टोकं त्या मधल्या भागाच्या दाराशी उभी होती. करता करता शिकणारा पुढे जातो, करवून घेणारा फक्त भाव शिकतो. मी अकरा वर्षं भाव शिकलो.

आता तू विचारशील (तुझा स्वभाव माहीत आहे), की म्हातारा तर आयुष्यभर जॉबजवळच उभा होता, मग तो का गेला? बरोबर. माझं तत्त्व म्हणजे विमा नव्हे, कुणी तसं सांगत असेल तर तो क्लास चालवत असेल. म्हातारा गेला कारण त्याच्याकडे माहिती होती पण अधिकार नव्हता. त्याला कुणी विचारलंच नाही. ज्याला विचारायला हवं होतं तो परचेसला बसला होता.

हा अधिकाराचा मुद्दा मला फार उशिरा कळला. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा एक कारखाना होता, बदनाम. 1982 मध्ये बंद केला. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच पुन्हा उघडला, नाव नुमी. युनियन तीच, बहुतेक कामगारही तेच जुने. पण डोक्यावर एक दोरी आली. काही चुकतंय असं दिसलं की ओढायची. टीम लीडर धावत येणार, लगेच सुटलं नाही तर लाइन थांबणार. आधी लाइन थांबवणं म्हणजे पाप होतं. थोड्याच काळात त्याच माणसांच्या हातून जपानी कारखान्यांच्या तोडीचा माल निघायला लागला. गंमत बघ, आज त्याच इमारतीत टेस्लाच्या गाड्या होतात, आणि 2018 मध्ये उत्पादन रखडल्यावर इलॉन मस्क यांनी जाहीर कबुली दिली की अति ऑटोमेशन ही आपली चूक होती.

दुसऱ्या बाजूला ढाक्याजवळचं राणा प्लाझा. 23 एप्रिल 2013 ला भिंतींना तडे गेलेले दिसले. खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. 24 तारखेला इमारत कोसळली, 1,100 हून जास्त माणसं मेली. तडे त्यांनाच आधी दिसले होते. ओढायला दोरी नव्हती. मी तेव्हा परचेसलाच होतो. कपड्यांशी आमचा काही संबंध नव्हता, तरी त्या आठवड्यात मी माझ्या सप्लायरांची यादी काढली. 140 नावं. त्यांपैकी ज्यांच्या शेडमध्ये मी स्वतः पाऊल टाकलं होतं असे 11. नंतरच्या वर्षी मी परत शॉपवर मागून घेतलं. पगार कमी झाला, लोकांना वाटलं डिमोशन झालं. वाटू दे.

म्हणून जॉबजवळ उभी राहा म्हणतो तेव्हा नुसतं ताटकळत उभं राहणं नव्हे. जे दिसतं ते लिहून ठेव, तारीख टाक, वर पाठव, आणि थांबवायचा अधिकार माग. मागून मिळत नाही हे मला माहीत आहे. तरी माग.

तुला मुख्य कार्यालयात डॅशबोर्डचं काम देतायत, पगार दीडपट, आणि सगळ्या लाइनींचे आकडे तुझ्या स्क्रीनवर येणार. मोह पडण्यासारखंच आहे. संगणकाचा मला राग नाही, कॅमेऱ्याने होणारी तपासणी माझ्या डोळ्यांपेक्षा चांगली होते हे मी मुकाट्याने मान्य केलंय. पण कॅमेरा सांगतो की तुकडा वाईट आहे. का वाईट आहे ते विचारायचं माणसालाच सुचावं लागतं, आणि ज्याने कधी कापताना उडणाऱ्या धातूच्या चिप्सचा रंग पाहिला नाही, कापणाऱ्या बोथट इन्सर्टचा आवाज ऐकला नाही, त्याला ते सुचत नाही. टोयोटातले मित्सुरु कावाई बघ. कामगार म्हणून लागले आणि 2017 मध्ये कार्यकारी उपाध्यक्ष झाले. त्यांनी ऑटोमॅटिक लाइन असताना मुद्दाम हाताने काम करायच्या जागा तयार केल्या, तरुणांनी क्रँकशाफ्ट हाताने ठोकून शिकावं म्हणून. हाताने येतं त्यालाच मशीन सुधारता येतं, असा त्यामागचा हिशोब. जुन्याचा लळा म्हणून केलं असतं तर त्या कंपनीने एक दिवस चालू दिलं नसतं.

तेव्हा जायचंच असेल तर दोन वर्षांनी जा. आत्ता नको. आत्ता गेलीस तर माझ्यासारखी होशील, फरक इतकाच की तुझा तक्ता रंगीत असेल. हे जरा कडक झालं, पण खोडत नाही.

तुझं न ऐकता मीच ठरवतोय असं वाटतंय ना? घरचं कर्ज, बहिणीची फी, तू लिहिलंस ते वाचलं मी. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. दीडपट पगार म्हणजे दीडपट पगार, आणि मी कमी पगारावर परतलो तेव्हा माझं कर्ज फिटलेलं होतं, हेही सांगून टाकतो. निर्णय तुझा.

पण तिसरं मशीन. डॅशबोर्ड काय म्हणतो, "सेकंड शिफ्ट ऑपरेटर एरर"? हो ना? लाल ठिपके सगळे सुट्टीनंतरच्या अर्ध्या तासात पडतायत, आणि बिचाऱ्या ऑपरेटरला मेमो निघालाय. त्याच्याशी बोललीस का? सुट्टीत तो स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारा दांडा, बंद ठेवतो की चालू? ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या लांबीचा हिशोब, कधी लावला होता, मशीन तापल्यावर की सकाळी थंड असताना? माझा अंदाज असा, की स्पिंडल तापला की लांबतो आणि सुट्टीत थंडावला की आखडतो. उद्या सुट्टी संपायच्या आधी तिथे जाऊन उभी राहा. स्पिंडलच्या नाकाशी बारीक हालचाल दाखवणारा डायल लाव, रीडिंग घे. मग पहिले दहा तुकडे स्वतः डेप्थ मायक्रोमीटरने मोज आणि ओळीने वेळेसकट लिही. कमी भरणारी खोली वीस-पंचवीस मायक्रॉनची असेल आणि तुकड्यागणिक भरून निघत असेल तर त्या पोराचा मेमो आधी मागे घ्यायला लाव. भरून निघत नसेल तर माझा अंदाज चुकलाय, तुकडा पकडणारं फिक्स्चर बघ, तुकडा टेकतो त्या लोकेटरखाली चिप अडकते का ते बघ.

आकडे मला पाठव. कोर्सची माहितीपत्रकं नकोत.

तुझा,
काका

ता. क. डायल लावताना मॅग्नेटिक स्टँड टेबलावर ठेव, दारावर नको. मी एकदा दारावर ठेवला होता.