नागपुरात दरवर्षी किती नवी घरं बांधायची, याचा कोटा असतो का?

नाही. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाने 1972 साली वर्षाला 500 घरांची मर्यादा घातली होती, तसा आकडा आपल्याकडे नाही. आपल्याकडे मर्यादा येते ती विकास आराखडा, एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) आणि रस्त्याची रुंदी यांतून.

यातला रस्ता सगळ्यात महत्त्वाचा, आणि प्लॉट घेताना लोक नेमकं तेच बघत नाहीत. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय 1.1 आहे. म्हणजे 1500 चौरस फुटांच्या प्लॉटवर 1650 चौरस फूट बांधकाम. समोरचा रस्ता 9 मीटरचा असेल तर प्रीमियम (जादा एफएसआयचं शुल्क) भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत मिळणारा बांधकाम हक्क) घेऊन हेच 3000 पर्यंत जातं. गल्ली 6 मीटरची असेल तर दोन्ही बंद. (जिना, बाल्कनी अशा भागांसाठीचा पूरक एफएसआय वेगळा मोजतात.) बिल्डर फ्लॅट स्कीमसाठी रुंद रस्ताच का शोधतो, ते यावरून कळेल.

घरं कोणासाठी राखायची, याचा नियम म्हणाल तर एकच ठळक आहे: 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पात मूळ एफएसआयच्या 20 टक्के इतकी घरं अल्प उत्पन्न गटांसाठी, म्हाडामार्फत.

खरी अडचण मंजुरीविना पडलेल्या लेआउटची आहे. शेती तुकड्यांत विकली गेली, आधी घरं झाली, मग वर्षानुवर्षं नियमितीकरणाच्या चकरा. म्हणून बेसा, हुडकेश्वरकडे प्लॉट घेत असाल तर बयाणा देण्याआधी आरएल लेटर (प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर) किंवा मंजूर नकाशा मागाच. फक्त सातबारा दाखवत असतील तर थांबा.