सातवी-आठवीच्या मुलांना पुराव्यावरून वैज्ञानिक युक्तिवाद करायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचे विद्यार्थी प्रयोग मन लावून करतात, निरीक्षणंही नीट टिपतात, पण निष्कर्ष विचारला की पुस्तकातलं वाक्य उतरवून मोकळे होतात. मी गोव्यात फोंडा तालुक्यात याच वयाच्या मुलांना विज्ञान शिकवतो. माझ्या मते यात मुलांपेक्षा आपल्या प्रश्नांचा दोष जास्त. ज्याचं उत्तर धड्यात छापून आलंय, त्यावर कोण कशाला वाद घालेल? त्यामुळे आधी असा प्रश्न शोधा की वर्गात दोन तट पडतील.

आमच्याकडे असा प्रश्न आयता मिळतो: समुद्राजवळच्या घरांचे खिडक्यांचे गज लवकर का गंजतात? अर्धा वर्ग म्हणतो, खाऱ्या वाऱ्यामुळे. बाकीचे म्हणतात, छे, पावसामुळे. गंजतात तर समुद्रापासून लांब, आमच्याकडचेही. दोन्ही म्हणणी फळ्यावर लिहायची आणि प्रयोगाआधीच विचारायचं, ‘काय दिसलं तर तुम्ही तुमचं म्हणणं सोडाल?’ हा प्रश्न मुलांना कोणी कधी विचारलेलाच नसतो.

मग खिळे घ्या. साधे लोखंडी हवेत. जस्ताचा मुलामा दिलेले आणलेत तर आठवडाभर बघत बसाल, काही होणार नाही. पॉलिश पेपरने घासून एक कोरड्या ग्लासात, एक विहिरीच्या पाण्यात अर्धा बुडवून, एक त्याच पाण्यात मीठ घालून ठेवा. रोज एकाच जागेवरून फोटो काढा.

यानंतर मुलं हमखास लिहितात, ‘मिठाच्या पाण्यातला खिळा जास्त गंजला, म्हणून समुद्राकाठचे गज मिठामुळे गंजतात.’ शिकवण्याची खरी जागा ही. दावा आहे, पुरावा आहे, पण मधला सांधाच नाही. विचारा, ‘गज काय पाण्यात बुडवून ठेवलेत?’ वर्ग गप्प होतो, होऊ द्या. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतं, ‘सर, पावसात आमच्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं.’ झालं, सांधा जुळायला लागला: वाऱ्याबरोबर आलेलं मीठ गजावर बसतं, हवेतला ओलावा ओढून घेतं, गज जास्त वेळ ओला राहतो. गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात हे पुस्तकात आहेच, आणि खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते म्हणून गंजण्याची क्रिया वेगाने होते. आता पुढचा प्रयोग मुलं स्वतःच सुचवतात: एका खिळ्यावर खारं पाणी शिंपडून तो वाळवायचा आणि दुसऱ्या कोरड्या खिळ्याबरोबर पडवीत टांगायचा, पाऊस लागणार नाही असा.

पावसाच्या बाजूच्यांना गप्प बसवू नका. घर किती जुनं, रंग कधी दिला, हे त्यांचे आक्षेप रास्त असतात. वहीत दावा, पुरावा आणि कारण (म्हणजे दोघांमधला सांधा) या तीन रकान्यांना ‘समोरचा काय म्हणेल’ हा चौथा जोडा.

इतिहासातलं उदाहरण हवं असेल तर १८५४ची लंडनमधली कॉलऱ्याची साथ घ्या. जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यू नकाशावर मांडले, ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले दिसले. पण मुलांना गंमत वाटते ती अपवादांची: पंपाजवळच्याच बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते ते पाणी पीतच नव्हते. ‘पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली’ हे नेहमी सांगितलं जाणारं वाक्य तर मुद्दाम तपासायला द्या. साथ त्याआधीच ओसरू लागली होती आणि हे स्वतः स्नोनेही मान्य केलं होतं. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हा त्याचा निष्कर्ष बरोबर होता, तरी हा विशिष्ट पुरावा लंगडा आहे. आठवीच्या मुलाला एवढं उमगलं तर बरंच साधलं.

गोव्यातल्या शिक्षकांसाठी एक जादा गोष्ट. आपल्याकडे बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणीतून शिकून पाचवीत एकदम इंग्रजीत पडतात. ‘कारण’ या रकान्यात ती अडखळतात तेव्हा पुष्कळदा विचार नसतो असं नाही, वाक्य सापडत नसतं. आधी तोंडी, घरच्या भाषेत भांडू द्या. इंग्रजीत नंतर लिहितील.

गुण देताना निम्मे ‘कारण’ या रकान्याला ठेवा आणि दावा चुकला म्हणून कापू नका. नाहीतर पुढच्या वेळी मुलं पुन्हा पुस्तकच उघडतील.