तेलाचा पुदिना: वाचकांचे चार प्रश्न

भाजीसाठी लावतो तोच पुदिना वाढवून मेंथॉलचं तेल काढता येईल का? (जुन्नर)

नाही. बाजारात जुडीने विकला जातो तो बहुतेक ठिकाणी स्पिअरमिंट, म्हणजे मेंथा स्पायकाटा. त्याच्या तेलात सहसा कार्व्होन (स्पिअरमिंटला त्याचा खास वास देणारा घटक) भरपूर आणि मेंथॉल नावापुरतं असतं. उत्तर प्रदेशात बाराबंकी, रामपूर, बदायूँकडे शेतकरी ज्याला नुसतं ‘मेंथा’ म्हणतात तो जपानी पुदिना, मेंथा आर्व्हेन्सिस. त्याच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के मेंथॉल असतं. मुंबईच्या एमसीएक्स या वस्तुबाजारात सौदे होतात ते याच तेलाचे.

दोन्ही झाडांची सुरुवात मात्र लिमोनीन या एकाच रेणूपासून होते. स्पिअरमिंटमधलं विकर (एन्झाइम) त्याच्या सहाव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवतं आणि कार्व्होन तयार होतो. मेंथा आणि पेपरमिंटमध्ये ऑक्सिजन तिसऱ्या कार्बनवर बसतो आणि आणखी काही पायऱ्यांनी मेंथॉल होतं. स्पिअरमिंटच्या या विकरातलं फक्त एक अमिनो आम्ल बदललं तरी ते तिसऱ्या कार्बनवर काम करू लागतं, हे अमेरिकेत रॉडनी क्रोटो यांच्या प्रयोगशाळेने २००० साली दाखवलं. इतक्या छोट्या फरकावर पिकाचा सगळा बाजार उभा आहे! पण हा फरक जनुकातला आहे, खतपाण्याने तो बदलत नाही.

ऑनलाइन पेपरमिंटचं बी मिळतं. घेऊ का? (नाशिक)

घेऊ नका. खरा पेपरमिंट हा स्पिअरमिंट (४८ गुणसूत्रं) आणि पाणपुदिना मेंथा अॅक्वाटिका (९६) यांचा संकर. दोघांकडून निम्मी निम्मी, म्हणजे २४ आणि ४८, मिळून ७२ होतात. त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून बी जवळजवळ धरतच नाही. क्वचित धरलं तरी त्यातून आलेलं रोप आईसारखं नसतं. पाकिटात बहुधा दुसराच कुठला तरी पुदिना असतो. खात्रीच्या ठिकाणाहून सकर (जमिनीलगत पसरणारी, मुळं धरणारी खोडं) किंवा मुळं फुटलेल्या फांद्या घ्या.

बीच धरत नसेल तर नवी जात काढतात कशी? (लातूर)

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये पेपरमिंटची शेतं व्हर्टिसिलियम या जमिनीतल्या बुरशीच्या मर रोगाने उजाड होऊ लागली, तेव्हा हाच प्रश्न होता. मिचम नावाची जात उत्तम तेल देत होती, पण रोगापुढे टिकत नव्हती आणि वांझ असल्याने तिचा संकर करणं अवघड होतं. मग संशोधक मेरिट मरे यांनी १९५० च्या दशकात तिच्या सकरांवर किरणोत्सर्गाचा मारा केला. ती झाडं रोगट जमिनीत लावली, जगली त्यांचं तेल तपासलं आणि पुन्हा लावली. या चाळणीतून १९७० च्या दशकात ‘टॉड्स मिचम’ आणि ‘मरे मिचम’ आल्या. रोग त्यांनाही होतो, पण त्या जास्त तग धरतात. पीक सुधारण्याच्या कामात इतका धीर फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतो.

मेंथाचं काम त्या मानाने सोपं, कारण त्याला बी धरतं आणि बियांच्या रोपांत विविधता भरपूर निघते. लखनऊच्या ‘सीमॅप’ने (केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्था) अशा रोपांतून निवड करत आणि संकर करत हिमालय, कोसी यांसारख्या जाती दिल्या, ‘सक्षम’ ऊतिसंवर्धनातून (टिश्यू कल्चर) आली. चांगलं झाड सापडलं की मात्र बी बाजूला ठेवायचं आणि सकरांनीच वाढवायचं, कारण बियांतून तेलाचं प्रमाण आणि घटक दोन्ही बदलतात.

गावोगावी एकच जात असेल तर धोका नाही का? (सोलापूर)

आहे, आणि मोठा आहे. सकरांनी वाढवलेलं शेत म्हणजे एकाच झाडाच्या प्रती. एकीला लागणारा रोग सगळ्यांनाच लागू शकतो. म्हणून रानटी नातेवाईक जपावे लागतात. फक्त २४ गुणसूत्रांचा मेंथा लाँगिफोलिया हा स्पिअरमिंटचा एक पूर्वज. त्याचे काही वाण मर रोगाला दाद देत नाहीत, आणि गुणसूत्रं कमी असल्याने त्यात रोधाची जनुकं शोधणंही सोपं जातं. त्याचा जनुकसंच (जीनोम) २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

वांझ संकर बियांच्या पेढीत ठेवता येत नाहीत, ते जिवंत सांभाळावे लागतात. अमेरिकेत ऑरेगॉनमधल्या कॉर्व्हॅलिसला पुदिन्याचा असा सरकारी संग्रह आहे. तुम्हीही मेंथा लावणार असाल तर दोन जाती वेगवेगळ्या वाफ्यांत ठेवा आणि नावाची पाटी लावा. सकर एकदा मिसळले की पानावरून जात ओळखणं कठीण, मग तेल तपासूनच कळतं.