४० व्हॉल्यूमची बाटली उघडण्याआधी

तुझा प्रश्न असा आहे: देवगडात पार्लर टाकून दीड वर्ष झालं, ग्लोबल कलर (सगळ्या केसांना एकच रंग) आणि रूट टच-अप छान जमतात, पण हायलाइट केले की केस नारिंगी निघतात, मुळाशी पट्टा जास्त उजळ येतो. आता गणपतीला मुंबईहून येणाऱ्या मुलींसाठी २० ऐवजी ४० व्हॉल्यूमचं डेव्हलपर (ब्लीच पावडरीत कालवायचं पेरॉक्साइड) वापरू का? तू ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते. रत्नागिरीत बावीस वर्षं मी हेच काम करते आहे. ४० घेऊ नकोस. तुझी अडचण डेव्हलपरच्या आकड्यात नाहीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी नारिंगीचं. आपल्याकडचे केस बहुतेक लेव्हल १ ते ३ मधले (१ म्हणजे अगदी काळा, १० म्हणजे सगळ्यात फिका). ब्लीच लागलं की काळं-तपकिरी रंगद्रव्य आधी जातं, लाल-पिवळं मागे चिकटून राहतं. त्यामुळे काळा केस उजळताना ठरलेल्या क्रमानेच जातो: लाल, मग लाल-नारिंगी, नारिंगी, पिवळट नारिंगी, पिवळा, आणि अगदी शेवटी लेव्हल १० ला केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका. नारिंगी दिसला म्हणजे तू अर्ध्या वाटेवर ब्लीच धुतलंस, एवढाच त्याचा अर्थ. कॅरमेल किंवा मधासारखा रंग हवा असेल तर तिथेच थांबणं बरोबरही आहे, फक्त त्यावर निळ्या बेसचा टोनर, म्हणजे नको ती झाक मारणारा हलका रंग, हवा. जांभळा पिवळ्याला मारतो, निळा नारिंगीला. नारिंगी केसांवर आठवडाभर जांभळा शाम्पू चोळून काही होत नाही, तरी पार्लरमध्ये हेच सर्रास सांगितलं जातं.

माझं स्वतःचं मत विचारशील तर गव्हाळ-सावळ्या रंगावर दोन-तीन लेव्हल उजळलेला कॅरमेल फार सुंदर दिसतो. मोबाइलवर राखाडी-सोनेरी फोटो दाखवणाऱ्या मुलीला स्पष्ट सांग की काळ्या केसांवर हे एका बैठकीत होत नाही. दोन-तीन बैठका, मध्ये काही आठवडे अंतर.

आता ४० चं. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. हायलाइटची बट गुंडाळतो त्या फॉइलमध्ये ऊब कोंडलेली असते, त्यात १२ टक्के घातलं की केस बाहेरून झपाट्याने फुगतो, खरखरीत होतो, आणि टाळूला लागलं तर फोड येऊ शकतात. २० ला वेळ जास्त लागतो, पण तो वेळ तुझ्या हातात असतो. पावडर एकास डेव्हलपर दोन, तेही वजन करून, अंदाजाने चमचे टाकून नाही. पॅकेटवर प्रमाण वेगळं असेल तर ते पाळ. दर पाच-सात मिनिटांनी एक फॉइल उघडायची, नखाने थोडं ब्लीच बाजूला सारून खालचा रंग बघायचा. पॅकेटवरची कमाल वेळ झाली की रंग कुठेही असो, धुवायचं.

मुळाशी उजळ येतं ते टाळूच्या उष्णतेमुळे. टाळूजवळचा सेंटिमीटरभर भाग लवकर उचलतो, म्हणजे उजळतो. म्हणून आधी लांबीला लाव, मूळ मोकळं सोड आणि शेवटी तिकडे ये. कपाळाजवळचे बारीक केसही भराभर उजळतात, ते शेवटी घे. मानेपासून सुरुवात करून तासाभराने कपाळाशी पोचलीस तर पहिली फॉइल केव्हाच तयार झालेली असते. हात अजून सावकाश चालतोय तोवर डोक्याचे दोन भाग कर, एक धुऊन मग दुसरा. बालायाजचं (फॉइल न लावता ब्रशने मोकळ्या केसांवर करायच्या हायलाइटचं) उलटं: तिथे ब्लीच दाट असतं आणि उघड्यावर पंख्याखाली सुकतं. सुकलं की काम थांबतं. पंखा बंद ठेव, नाहीतर वर प्लास्टिक फिल्म लाव.

यापुढचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते मी एका मुलीचे केस गमावून शिकले. मे महिना, लग्नाची घाई. नवरीची मावसबहीण हायलाइटला बसली. मी विचारलं, कलर केलाय का कधी? नाही म्हणाली. दहाव्या मिनिटाला फॉइल बघायला हात लावला तर बोटांना चटका बसला. उघडली तर आतलं ब्लीच फसफसत होतं. बेसिनला नेऊन धुतलं तोवर कानामागच्या चार पट्ट्या ओल्या शेवयांसारख्या हातात आल्या. ती रडत म्हणाली, "मी फक्त काळी मेंदी लावते हो." ती खोटं बोललीच नव्हती. मेंदीला आपल्याकडे कोणी कलर म्हणत नाही. माझा प्रश्न चुकला होता.

तेव्हापासून मी विचारते: मेंदी लावता का, कुठली, पुडी आहे का घरी, आई-आजी घरीच काही लावते का. तेही मागच्या दोन-तीन वर्षांचं, कारण केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. खांद्यापर्यंतच्या केसाचं टोक दोन वर्षांपूर्वीचं असतं. मेंदीच्या काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात, आणि पेरॉक्साइड त्यांना लागलं की तापतं. शुद्ध मेंदीने तापत नाही, पण तांबूस रंगावर केस अडून बसतो. बऱ्याच काळ्या मेंदीत पीपीडी (केस काळे करणारं रसायन) असतं, त्याची ॲलर्जी झालेल्या बाईला आपल्या कलरची आणि टोनरचीही होऊ शकते. पॅच टेस्ट, म्हणजे थोडा कलर लावून ॲलर्जी येते का ते बघणं, ४८ तास आधी, कानामागे, कितीही घाई असली तरी.

केसाची टेस्ट अशी कर. खालच्या थरातून वीस-पंचवीस केस काप, एका टोकाला दोरा बांध, काचेच्या वाटीत तुझं २० व्हॉल्यूमचं ब्लीच कालव आणि त्यात अर्धा तास बुडव. धातूची वाटी कधीही नको. मध्ये मध्ये वाटीला बाहेरून हात लाव. गरम लागली, फेस आला, घाण वास आला किंवा केस हिरवट झाला तर त्या डोक्याला ब्लीच लावायचं नाही. तो केस वाढून कापला जाईपर्यंत थांबायचं. काहीच झालं नाही तर धुऊन ओला केस दोन बोटांत हलकेच ताण. ताणून परत जागेवर आला तर पुढे जा, च्युइंगमसारखा लांबत गेला तर नको. आणि अर्ध्या तासात रंग कुठवर उचलला हेही कळतं, गिऱ्हाइकाला तोच तुकडा दाखवता येतो.

पाण्याकडेही बघ. जांभ्याच्या भागात बोअरवेलच्या पाण्याला बरेचदा लोह असतं. बादलीला तांबडे डाग पडत असतील तर तेच केसावरही बसतं आणि ब्लीच वेडंवाकडं उचलतं. अशा वेळी आधी कीलेटिंग (धातू काढणाऱ्या) शाम्पूने एकदा धुऊन, पूर्ण वाळवून मगच पुढे. रिसॉर्टच्या तलावात रोज पोहणाऱ्या मुलींनाही हेच, हिरवट झाक येते ती पाण्यातल्या तांब्याने.

पावसाळ्याच्या दोन गोष्टी माझ्या ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितल्या नव्हत्या. लाइट गेली की पंप बंद, आणि डोक्यावर फॉइल तशाच. मी ब्लीच कालवायच्या आधी दोन बादल्या आणि एक तपेलं भरून ठेवते, त्याशिवाय पावडरचा डबा उघडत नाही. दुसरं, दमट हवेत पावडरला गुठळ्या होतात आणि ती बरोबर उचलत नाही. छोटे डबे घे, घट्ट बंद ठेव. मे महिन्यात पत्र्याखालच्या फळीवर डेव्हलपर ठेवू नकोस, उष्णतेने त्याचा जोर उतरतो. बाटली फुगलेली दिसली तर टाकून दे.

गणपतीचं गणित वेगळं, चाकरमानी मुली चतुर्थीच्या आदल्या दिवशी उतरतात आणि लगेच खुर्चीत बसायला बघतात. त्यांचे फोन आत्ताच घे, मेंदीचं फोनवरच विचार. जिने लावली असेल तिला विसर्जनानंतरची वेळ दे, जिने नाही तिला दोन दिवस आधी येऊन पॅच टेस्ट करून जायला सांग. ते जमत नसेल तर ब्लो-ड्राय आणि गजरा, कलर पुढच्या खेपेला. पहिल्या मुलीचे वाटीत बुडवलेले केस धुऊन वाळले की दारातल्या उजेडात फोटो काढून इथे टाक, ट्यूबलाइटखाली रंग खरा दिसत नाही. टोनर कुठला घ्यायचा ते मी बघून सांगते.