डाउनलोड्समध्ये साचलेल्या साडेतीन हजार फायली कशा लावाव्यात?

आपण विचारले आहे की, सहा वर्षांत लॅपटॉपच्या ‘डाउनलोड्स’मध्ये साडेतीन हजार फायली साचल्या आहेत आणि त्या विषयवार लावण्यासाठी कोणकोणते फोल्डर करावेत. मी ठाण्यात नौपाड्यातील एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम करतो आणि आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिवही आहे, त्यामुळे कुठला ना कुठला कागद उतरवून घेण्यात, म्हणजे डाउनलोड करण्यात, माझा अर्धा दिवस जातो. माझा सल्ला असा, की फोल्डरांचा विचार थोडा मागे ठेवावा आणि आधी फायलींच्या नावांकडे पाहावे.

हे मला उशिरा कळले. संस्थेच्या मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे सगळे ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात त्या, जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावे करून घेण्याच्या अर्जासाठी, मी अठ्ठावीस सभासदांकडून त्यांच्या फ्लॅटचे इंडेक्स टू, म्हणजे दस्तनोंदणीचे उतारे, मागवले होते. बहुतेकांनी ते व्हॉट्सॲपवर पाठवले आणि मी एकेक करून लॅपटॉपवर उतरवून घेतले. वकिलांसमोर बसून फोल्डर उघडला, तर ‘डॉक्युमेंट’, ‘डॉक्युमेंट (१)’, ‘डॉक्युमेंट (२)’ अशी रांग थेट ‘(२३)’पर्यंत गेलेली. प्रत्येक फाइल उघडली की वर ‘सूची क्र. २’ हेच शीर्षक दिसे, आणि फ्लॅट कोणाचा हे कळण्यासाठी घरक्रमांकाच्या रकान्यापर्यंत जावे लागे. दीड तासाने निष्पन्न झाले ते एवढेच, की बी विंगमधील एका सभासदाचा कागद तीनदा उतरला होता आणि त्याच्या शेजाऱ्याचा आलेलाच नव्हता.

एखाद्या नावाची फाइल आधीपासून असेल, तर ब्राउझर त्याच नावाच्या नव्या फाइलला कंसातला आकडा जोडून मोकळा होतो. आतला मजकूर तोच आहे की निराळा, हे तो पाहत नाही. पाठवणाऱ्याने किंवा संकेतस्थळाने दिलेले नावही त्यांच्या सोयीचे असते. कागद कशासाठी घेतला हे आपल्याला नेमके ठाऊक असण्याचा क्षण एकच, तो उतरवून घेतानाचा. म्हणून क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘डाउनलोड्स’ या भागात जाऊन, प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते आधी विचारण्याचा पर्याय चालू करावा. फायरफॉक्समध्येही तो आहे. मग दरवेळी एक चौकट उघडते, त्यात नाव आधीच निवडलेले असते, आणि त्यावरच नवे नाव टंकता येते. पहिला आठवडा याचा वैताग येतो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

नावात मी सर्वांत आधी तारीख लिहितो, तीही वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, जसे ‘२०२४-०६-१५ बी-३०४ इंडेक्स-टू’. तारखेचा हा क्रम १९८८ साली आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात आला आणि त्याचा लाभ साधा आहे: नावांनुसार लावलेली यादी आपोआप कालक्रमानुसार लागते. दिवस आधी लिहिला, तर जानेवारीतली एक तारीख आणि डिसेंबरातली एक तारीख शेजारी येऊन बसतात. तारीख कागदावरची घ्यावी, उतरवल्याची नव्हे. तिरकी रेघ विंडोज फाइलच्या नावात घेऊच देत नाही. त्यामुळे ज्याला उभा महाराष्ट्र ७/१२ म्हणतो, तो उतारा मला ‘सातबारा’ असे अक्षरांत लिहूनच ठेवावा लागतो. महावितरणच्या बिलांना, दोन मीटर असल्यास, ग्राहक क्रमांकाचे शेवटचे चार अंक जोडावेत. आयकराच्या कागदांवर मात्र तारखेऐवजी आर्थिक वर्ष लिहावे आणि ते आर्थिक वर्ष आहे हेही स्पष्ट लिहावे, कारण २०२३-२४ या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र २०२४-२५ या आकारणी वर्षाचे असते, आणि आमच्याकडे येणाऱ्या अशिलांचे निम्मे घोळ याच एका वर्षाच्या फरकातून झालेले असतात.

डिजिटल स्वाक्षरी असलेल्या पीडीएफबाबत विशेष काळजी घ्यावी. ई-आधार उघडताना दरवेळी पासवर्ड द्यावा लागतो (नावाची पहिली चार अक्षरे इंग्रजी मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष), म्हणून अनेक जण ती फाइल ‘प्रिंट’ करून नवी पीडीएफ बनवतात आणि मूळ फाइल पुसून टाकतात. नव्या फाइलवर स्वाक्षरीचे केवळ चित्र उरते, ती पडताळता येत नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचेही तसेच आहे. नाव खुशाल बदलावे, त्याने स्वाक्षरीला काही होत नाही. फाइल मात्र आहे तशीच ठेवावी.

आता फोल्डर. माझ्याकडे चारच आहेत: घर, संस्था, कार्यालय आणि तात्पुरते. रेल्वेची तिकिटे, लग्नपत्रिका, कोणीतरी पाठवलेले हॉटेलचे मेनूकार्ड हे सारे चौथ्यात जाते आणि दर महिन्याच्या एक तारखेला तो रिकामा होतो. हे चारही फोल्डर ‘डाउनलोड्स’च्या बाहेर असावेत, यामागे एक कारण आहे. विंडोजमध्ये ‘स्टोरेज सेन्स’ नावाची सोय आहे; ती जागा मोकळी करण्यासाठी ‘डाउनलोड्स’मधील १, १४, ३० किंवा ६० दिवस न उघडलेल्या फायली पुसू शकते. मुळात हा पर्याय बंद असतो, परंतु लॅपटॉप मंद झाला म्हणून कोणा जाणकार भाच्याने तो चालू केला असेल, तर आपल्याला पत्ताही लागत नाही.

राहिला आपला साडेतीन हजारांचा ढीग. तो लावत बसू नये. आधी यादी आकारमानानुसार लावावी आणि वरचे व्हिडिओ व प्रोग्रॅमच्या सेटअप फायली काढून टाकाव्यात. जागेची तक्रार बहुधा तेवढ्यानेच मिटते. उरलेले सगळे ‘जुने’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये हलवावे, तो बाहेरच्या हार्ड डिस्कवरही उतरवून ठेवावा, आणि जेव्हा एखादा कागद खरोखर लागेल, तेव्हा तो शोधून, नाव बदलून, योग्य फोल्डरमध्ये आणावा. माझ्या स्वतःच्या ‘जुने’मधून दीड वर्षात साठ-सत्तरच फायली बाहेर आल्या आहेत. त्यांत त्या शेजाऱ्याचा इंडेक्स टू नव्हता. तो त्याने अखेर छापील प्रतीवरून स्कॅन करून दिला.